ऐकीव वार्तेचे दायित्व

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी हिंडत असल्याची खोटी आवई व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरली होती. मारणाऱ्या हातांचा न्याय कायदा करील; पण ती आवई पुढे धाडणाऱ्या हातांचे काय? ‘आले तसे पाठविले’ एवढे म्हणून ते मोकळे होतात.

इस्लामी नीतिविचारास हा बचाव मान्य नाही. बेभरवशाच्या माणसाने वार्ता आणल्यास ती पडताळा, नाहीतर अजाणता कोणाची हानी करून पस्तावाल, असे कुराणाची ४९वी सूरा, हुजुरात, बजावते. ऐकले ते सारे सांगत सुटणारा खोटेपणाचाच धनी होतो, असा हदीसचा आशय आहे. शोधाचा भार सांगणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्यावरही आहे.

त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडण्याची मर्यादा जाहीर केली. परंतु यंत्राचा लगाम म्हणजे विवेक नव्हे.

हा दोष खेड्यांच्या माथी मारून शहरवासीयांनी स्वस्थ बसू नये. मुंबईच्या सुशिक्षित गृहस्थाने कर्जत तालुक्यातील पोशीरच्या आप्तांस धाडलेला मजकूर तेथे खरा मानला जातो, कारण तो जाणत्याकडून आलेला असतो. तेव्हा खात्री नसेल, तर बोट आवरावे. धर्म कोणताही असो, हे कर्तव्य सर्वांचे आहे.