सात नंबरचा मान
एका केबलवर आठ जण आणि बोलायची मुभा एका वेळी एकालाच, अशी संगणकाला डिस्क, टेप वगैरे जोडणाऱ्या, १९८६ साली प्रमाणित झालेल्या ‘स्कझी’ची मांडणी. केबल मोकळी झाली की गरजू आपल्या क्रमांकाची तार वर करतो. दोघांनी एकदम केली तर मोठा क्रमांक जिंकतो. सात सर्वांत वरचा आणि तो बहुतेकदा कंट्रोलर कार्डाकडेच, म्हणजे पाटीलकी घरातच. शून्य नंबरची डिस्क बिचारी पंगतीच्या टोकाला. म्हणून जाणते लोक संथ टेप ड्राइव्हला मुद्दाम वरचा क्रमांक देत. डिस्क थांबू शकते, टेपचा ओघ तुटला की तिला मागे जाऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. मला भावते ती दुसरी सोय: माहिती शोधायला वेळ लागणार असेल तर डिस्कने केबल सोडायची, सापडल्यावर पुन्हा मागायची. (बँकेच्या खिडकीवर उभं राहून फॉर्म भरणाऱ्यांनी हे शिकावं.) पुढे न्यायाचा नियमही आला. जिंकलेल्याने, हरलेल्या खालच्या क्रमांकांची पाळी होईपर्यंत गप्प बसायचं. पण सुरुवातीला तो ऐच्छिक! स्कझीच्याच नंतरच्या अवतारात, ‘सॅस’मध्ये मात्र भांडण झालं, तर कोण किती वेळ ताटकळला हेच आधी पाहतात.