सापाचं पिल्लू ‘अचानक’ का चवताळतं?



जूनमध्ये शाळा सुरू होतात आणि त्याच सुमारास आपल्या वारणा खोऱ्यात सापांची पिल्लंही दिसू लागतात. नागाची मादी उन्हाळ्यात अंडी घालते आणि साधारण दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. घोणस अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते, तीही एका वेळी वीस-तीस. उसाच्या बांधावर, विहिरीच्या काठावर, शाळेमागच्या दगडांच्या ढिगात वीतभर लांबीचं काहीतरी वळवळताना दिसतं आणि मुलांचे डोळे चमकतात. एखादा धीट विद्यार्थी ते बाटलीत घालतो, झाकणाला भोकं पाडतो आणि मित्रांना दाखवत फिरतो. मोबाईलवर कोणीतरी गळ्यात अजगर घालून हसताना त्यानं पाहिलेलं असतं. एक-दोन दिवस पिल्लू गप्प राहतं. मग झाकण उघडताच हातावर झडप घालतं आणि सगळे म्हणतात, “इतकं गरीब होतं, अचानक कसं चवताळलं?”

माझं म्हणणं असं, की या प्रश्नातला ‘अचानक’ हा शब्दच आपण मुलांना तपासायला शिकवला पाहिजे. सापाचं पिल्लू क्वचितच अचानक काही करतं. ते आधी बरंच काही सांगत असतं, आपल्याला ते वाचता येत नाही.

पिल्लू काय सांगत असतं?

पिल्लाच्या बाजूनं जरा विचार करून बघा. वीतभर देह, हात नाहीत, पाय नाहीत, आई राखणीला नाही. मुंगूस, मांजर, शिक्रा, कावळा, एवढंच काय अंगणातली कोंबडीसुद्धा त्याला खाऊ शकते. वरून येणारी कोणतीही सावली त्याच्यासाठी मरण असू शकते. आपला प्रेमाचा हातही वरूनच येतो! म्हणूनच पुष्कळदा मोठ्या सापापेक्षा पिल्लूच लवकर अंगावर येतं. त्याला आपण राग म्हणतो, खरी ती भीती असते.

या भीतीच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. पहिली पायरी, निश्चल होणं. बाटलीतलं पिल्लू ‘गरीब’ झालेलं नसतं, ते घाबरून थिजलेलं असतं. मग पळून जायला वाट शोधणं. वाट नसली की अंग चपटं करून मोठं दिसणं, मानेचा इंग्रजी ‘एस’सारखा बाक करणं, फुसकारणं. काही साप शेपटी थरथरवतात, काही घाण वासाचा स्राव सोडतात. नागाचं नुकतं जन्मलेलं पिल्लूही फणा काढतं. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा आवाज करते. फुरसं अंगावरचे खवले एकमेकांवर घासून फुरफुर आवाज काढतं. यानंतरही समोरचा हटला नाही तर तोंड मिटून नुसती धडक, आणि शेवटी चावा. प्रत्येक साप प्रत्येक पायरी चढतोच असं नाही. कोंडलेल्या पिल्लाला पळायची वाटच नसते, म्हणून ते मधल्या पायऱ्या गाळून थेट शेवटच्या पायरीवर येतं. आपल्याला तेवढंच दिसतं आणि आपण म्हणतो, ‘अचानक’.

काल शांत, आज का नाही?

याची कारणं मुलांना सहज समजतील अशी आहेत.

१. कात. पिल्लं झपाट्यानं वाढतात, म्हणून मोठ्या सापांपेक्षा जास्त वेळा कात टाकतात. त्याआधी काही दिवस डोळ्यांवर दुधाळ निळसर पडदा येतो. दिसेनासं झालेला जीव कोणत्याही हालचालीला दचकणारच.

२. पोट. नुकतंच भक्ष्य गिळलेल्या सापाला हलवलं तर तो ते ओकून टाकतो, कारण जड पोटानं पळता येत नाही. उलट भुकेल्या सापासमोर उंदराचा किंवा कोंबडीचा वास असलेला हात गेला, तर तो हातालाच भक्ष्य समजतो.

३. ऊब. सापाच्या शरीराचं तापमान बाहेरच्या हवेवर अवलंबून असतं. गारठलेला साप सुस्त दिसतो, तो माणसाळला असं आपल्याला वाटतं. ऊन मिळालं की तोच साप चपळ होतो.

४. हादरे. सापाला बाहेरचे कान नसतात. जमिनीचे हादरे मात्र त्याला शरीरातून चांगले जाणवतात. टेबलावर ठेवलेल्या बरणीभोवती वीस मुलं उड्या मारत असतील, तर आत काय होत असेल याची कल्पना करा.

५. आडोसा. लपायला जागा नसणं हीच त्याच्यासाठी सर्वांत मोठी धास्ती. पारदर्शक बरणी म्हणजे चारी बाजूंनी उघडं पडणं.

‘डूख’ आणि ‘दूध’

आपल्या भाषेनं सापाबद्दल दोन्ही प्रकारचं सांगून ठेवलंय. ‘शेपटीवर पाय पडणे’ या वाक्प्रचारात निरीक्षण आहे: आधी पाय पडतो, मग साप उलटतो. ‘डूख धरणे’ आणि ‘सापाला दूध पाजणे’ यांत मात्र आपण माणसाचे स्वभाव सापाला चिकटवले आहेत. साप चेहरा लक्षात ठेवून सूड घेत नाही. तो कृतघ्नही नसतो, आणि दूध हे त्याचं अन्नच नाही. मराठीच्या तासाला हे वाक्प्रचार जरूर शिकवावेत, पण शेजारी विज्ञानाचं वाक्यही लिहावं. नाहीतर मूल दोन टोकांना जातं. एक तर दिसला साप की ठेच, नाहीतर ‘मी याला जीव लावलाय, मला काही करणार नाही’. दुसरं टोक पहिल्याइतकंच घातक आहे.

१९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत ७२ तास एका खोलीत राहिले. साप विनाकारण चावत नाहीत हे लोकांना पटवण्यासाठी त्यांनी हे केलं. यातून ‘साप निरुपद्रवी असतो’ असा धडा मुलांनी घेऊ नये, आणि असा प्रयोग कोणी करूही नये. धडा एवढाच, की सापाचं वागणं बरंचसं आपल्या वागण्यावर ठरतं.

आपल्याच जिल्ह्यात, चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीच्या मामासाहेब लाड विद्यालयात बाबुराव टक्केकर या शिक्षकांनी सापांविषयीची जाणीव शाळेतूनच गावागावांत पोचवली. तर वारणेपलीकडचं बत्तीस शिराळा नागपंचमीच्या जिवंत नागांसाठी प्रसिद्ध. २०१४ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तिथली नागांची मिरवणूक आणि खेळ थांबले. परंपरा महत्त्वाची की कायदा, यावर अजून वाद होतात. मला त्या वादात एक तिसरा पक्ष दिसतो, तो म्हणजे स्वतः नाग. गर्दी, ढोल, हातांची ओढाताण यांत फणा काढून उभा असलेला नाग डोलत नसतो, तो धास्तावलेला असतो. हे मुलांना कळलं, तर नागपंचमीला नागाचं चित्र काढणारं मूलही श्रद्धेत कमी पडत नाही.

मग पाळायचा का?

देशी साप पाळणं, पकडून ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. नाग, धामण, अजगर, मांडूळ कोणताही असो. शहरांत काही घरांत बॉल पायथनसारखे परदेशी साप पाळले जातात. अशा संरक्षित परदेशी प्रजातींची सरकारकडे नोंद करणं बंधनकारक आहे. अशा घरातल्या पालकांना एवढंच सांगेन: नवीन पिल्लू आणल्यावर किमान आठवडाभर त्याला हात लावू नका. लपायला दोन जागा द्या. कात टाकताना आणि खाल्ल्यावर दोन-तीन दिवस त्याला त्रास देऊ नका. हात वरून नको, बाजूनं आणि सावकाश न्या. फुसकारलं तर मागे व्हा. आणि मुलाला एक वही द्या: खाणं कधी, कात कधी, झडप कधी. चार महिन्यांत ते मूल स्वतःच सांगेल की ‘अचानक’ काही नसतं.

आपल्या गावाकडच्या मुलांसाठी नियम याहून सोपा आहे: बघायचं, लांबूनच, हात नाही लावायचा. कारण पिल्लू ओळखणं मोठ्यांनाही जमत नाही. बिनविषारी कवड्या आणि अतिविषारी मण्यार दोघांच्या अंगावर पांढरे पट्टे असतात. मण्यारचा दंश कित्येकदा दुखतही नाही, म्हणून मूल सांगत नाही. आणि विष पिल्लातही जन्मापासून असतं.

शाळेत पिल्लू दिसलं तर मुलांना लांब न्या, एकानं नजर ठेवा, वनविभागाला किंवा जाणकार सर्पमित्राला बोलवा. दंश झालाच तर मुलाला शांत ठेवा, अंगठी-बांगड्या काढा, दंशाचा हात किंवा पाय हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा. करकचून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. आणि ‘हात कशाला लावलास?’ म्हणून त्या वेळी ओरडू नका. ओरड्याच्या भीतीनं दंश लपवणारी मुलं असतात, आणि लपवलेला प्रत्येक मिनिट महाग पडतो.

हाच मुद्दा मला सर्वांत मोठा वाटतो. घाबरलेला जीव गप्प बसतो किंवा अंगावर येतो, दोन्ही वेळा आपण त्याला चुकीचं नाव देतो. या पावसाळ्यात वर्गात एक तास काढा. फळ्यावर सापाच्या भीतीच्या पायऱ्या लिहा आणि मुलांना विचारा, कोणत्या पायरीवर आपण मागे व्हायचं? उत्तर ‘पहिल्याच’ असं आलं, की तास सार्थकी लागला समजा.