डाग म्हणावे की गाठ?

करोनाच्या दोन लाटांत ‘स्कोअर किती आला?’ हा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यात गावच्या पारापासून एसटी स्टँडपर्यंत ऐकू येत होता. छातीचा एचआरसीटी ही तोवर मोठ्या शहरातली गोष्ट होती. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने या तपासणीचे दर मशीनच्या क्षमतेनुसार दोन ते तीन हजार रुपये असे बांधून दिले, आणि खामगाव, मलकापूर, चिखलीकडच्या माणसांनीही ती करून घेतली. स्कोअर वाचला, रिपोर्ट कपाटात गेला. काही रिपोर्टांच्या शेवटी आणखी एक ओळ होती, ती कोणी वाचली नाही: उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात ६ मिमीचा नोड्यूल.

नोड्यूल म्हणजे फुप्फुसात दिसणारी तीन सेंटीमीटरपर्यंतची गोलसर सावली. सहा मिलिमीटर म्हणजे साधारण तुरीचा दाणा. त्याने खोकला येत नाही, छातीत दुखत नाही. अपघात, मुतखडा, ऑपरेशनपूर्वीची तपासणी अशा भलत्याच कारणाने काढलेल्या फोटोत तो सापडतो.

मराठीत त्याला दोन शब्द आहेत आणि रुग्णाचे पुढचे सहा महिने कित्येकदा त्या शब्दावर ठरतात. डॉक्टर ‘डाग’ म्हणाले की घरच्यांना टीबी ऐकू येतो, ‘गाठ’ म्हणाले की कॅन्सर. डागावर कधी बेडक्याची तपासणी न करताच क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. गाठ म्हटली की उसनेपासने करून मुंबईची गाडी पकडली जाते. तिसरी वाट सर्वांत सोपी. ‘विडी-सिगारेट नाही ना? मग सोडून द्या.’

या तिसऱ्या वाटेची चूक लवकर लक्षात येत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ४८९ रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ५२ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेले नव्हते. वऱ्हाडात कपाशी निघाली की पऱ्हाट्या आणि तूर निघाली की तुराट्या चुलीत जातात. लाकूडफाट्याच्या घरगुती धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले आहे. केसपेपरवर ‘व्यसन नाही’ असे लिहिलेल्या बाईचे फुप्फुस धुराविना राहिलेले असतेच असे नाही.

म्हणून घाबरावे, असे मात्र मुळीच नाही. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत, २०११ मध्ये निष्कर्ष आलेल्या, वर्षानुवर्षे भरपूर सिगारेट ओढणाऱ्यांचे सीटी काढले गेले. त्यांतही संशयास्पद ठरलेल्या शंभर निकालांपैकी सुमारे ९६ कॅन्सर नव्हते. कधीच न ओढणाऱ्यांत लहान गाठ निरुपद्रवी असण्याची शक्यता आणखी जास्त. आपल्याकडे तर अशी कित्येक गाठ जुन्या, कधीच भरून आलेल्या क्षयाची खूण असते.

खरी अडचण इथेच आहे. पाश्चात्त्य सूत्रांत फुप्फुसाच्या वरच्या भागातली गाठ जास्त संशयाची मानतात. आपल्याकडे क्षयाचेही ते आवडते ठिकाण. पेट स्कॅनसाठी माणसे संभाजीनगर, नागपूर गाठतात, पण क्षयाची जिवंत गाठही त्यात कॅन्सरसारखीच उजळून निघते. हे ओळखूनच आशियातील तज्ज्ञांनी २०१६ मध्ये वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढली: पेटवर कमी विसंबा, गरज असेल तिथे सुईने तुकडा घ्या, आणि लक्ष जास्त काळ ठेवा. तुकडा घेताना तो सगळा फॉर्मलिनमध्ये बुडवू नये, हेही सांगायला हवे. एक भाग सलाइनमध्ये ठेवला तरच क्षयाचे जंतू वाढवून पाहता येतात. नाहीतर पुन्हा सुई.

बहुतेकांना मात्र सुईची गरजच पडत नाही. त्यांना गरज असते ती दुसऱ्या फोटोची, ठरल्या वेळी. २०१७ च्या फ्लाइशनर सोसायटीच्या शिफारशींनुसार, पस्तिशी ओलांडलेल्या आणि जोखीम कमी असलेल्या माणसाची एकच भरीव गाठ सहा मिमीहून लहान असेल तर सहसा पुन्हा तपासणी नको. सहा ते आठ मिमी असेल तर सहा ते बारा महिन्यांनी सीटी. आठच्या वर गेली तर तीन महिन्यांत सीटी, पेट किंवा तुकडा यांचा विचार. धुरकट काचेसारखी दिसणारी गाठ सावकाश वाढते, म्हणून तिच्यावर पाच वर्षे नजर. सहा मिमीची गाठ साडेसात मिमी झाली तर कागदावर दीड मिलिमीटर दिसतो, प्रत्यक्षात ती आकारमानाने जवळपास दुप्पट झालेली असते. हा फरक डोळ्यांनी, प्लेट खिडकीशी धरून, कळत नाही. सीडी लागते, आणि जुनी सीडी लागते. दोन वर्षांत जराही न बदललेली भरीव गाठ पाहिली की बहुतेक डॉक्टर निश्चिंत होतात. जुनी प्लेट रद्दीत घालणारे घर फुकटात मिळालेला पुरावा घालवते.

पण सहा महिन्यांनी त्या माणसाला परत बोलावणार कोण? रेडिओलॉजिस्टने रिपोर्ट लिहिला, त्याचे काम संपले. ज्या डॉक्टरने सीटी काढायला सांगितले, तो मुतखड्याचा. क्षयरुग्णाचे तसे नाही. मे २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही त्याची नोंद सरकारला कळवावी लागते. तो गोळ्या चुकवू लागला तर आरोग्य कर्मचारी दारात येतो. नोड्यूलवाल्याची नोंद कुठेच नाही. त्याला क्षय ठरवले तरच तो यंत्रणेला दिसतो, ही विचित्र गोष्ट आहे.

यावर कुणी गावोगाव सीटीची शिबिरे घ्यायला सुचवील. ते नको. निरोगी माणसांत शोधत गेले की निरुपद्रवी गाठी आणि विनाकारण ऑपरेशने वाढतात; धूम्रपान न करणाऱ्यांचे सीटी सर्रास झालेल्या तैवानमध्ये ही चर्चा सुरू आहे. ज्या गाठी आधीच सापडल्या आहेत, त्यांचा पाठपुरावा हा वेगळा विषय.

बुलढाण्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तिथे छातीरोग आणि रेडिओलॉजी विभागांनी मिळून एक नोंदवही ठेवावी, जिल्ह्यातल्या खासगी सीटी सेंटरनी तिला नावे कळवावीत. नाव, गाठीचा आकार, पुढच्या तपासणीचा महिना आणि दोन फोन नंबर. दुसरा घरातल्या कुणाचा तरी, कारण सोयाबीनच्या सोंगणीत माणूस फोन उचलत नाही. खर्च एका कर्मचाऱ्याच्या वेळेचा आणि वर्षाकाठी एखाद्या स्वस्त सीटीचा. पहिली पाने करोनाकाळातल्या रिपोर्टांनीच भरावी लागतील. त्यांची मुदत कधीच उलटून गेली आहे.