टेपवर नाव कोणाचे?

लताबाई मंगेशकरांनी सिनेमासाठी म्हटलेले पहिले गाणे सिनेमात कधी आलेच नाही. साल 1942. ‘किती हसाल’ हा मराठी चित्रपट, संगीतकार सदाशिवराव नेवरेकर, आणि गाणारी मुलगी बारा-तेरा वर्षांची. गाणे झाले, पण चित्रपट पुरा होताना ते गाळण्यात आले. त्याच साली ‘पहिली मंगळागौर’मधून तिचा आवाज लोकांच्या कानावर गेला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. गाळलेल्या गाण्याची मात्र नुसती हकीकतच राहिली.

त्याच बाईंच्या आयुष्यात असेच दुसरे एक गाणे बाजूला पडले. त्याचे नशीब मात्र वेगळे निघाले. विशाल भारद्वाज हे आज मोठे दिग्दर्शक असले तरी तेव्हा नवखे संगीतकार होते. 1996 साली आलेल्या ‘माचिस’च्याही आधीची ही गोष्ट. गुलजार यांनी लिहिलेले ‘ठीक नहीं लगता’ हे गाणे त्यांनी लताबाईंकडून गाऊन घेतले. नवख्या माणसाला केवढा आनंद झाला असेल! पण चित्रपटच निघाला नाही. आज ना उद्या निघेल या आशेवर गाणे ठेवून दिले. वर्षे गेली आणि टेपच हरवली.

पुढे एक दिवस बंद पडलेल्या एका स्टुडिओकडून फोन आला की, तुमचे नाव असलेली एक टेप सापडली आहे. टेप लावून पाहिली तर तेच गाणे! वाद्ये जुन्या धाटणीची वाटत होती, पण लताबाईंचा आवाज वेगळ्या पट्टीवर स्वतंत्र घेतलेला होता. आवाज तसाच ठेवून संगीताची मांडणी नव्याने केली आणि 28 सप्टेंबर 2021 रोजी, लताबाईंच्या 92व्या वाढदिवशी, गाणे बाहेर आले. पुढच्याच फेब्रुवारीत बाई गेल्या. म्हणजे पंचवीसएक वर्षे मागे पडलेले गाणे त्यांच्या हयातीत लोकांपर्यंत पोचले.

आवाज ‘वेगळ्या पट्टीवर’ म्हणजे काय, हे आमच्या माता-भगिनींना लगेच कळेल. मीठ, मिरची, मसाला वेगवेगळ्या वाट्यांत असेल तोवर आमटी पुन्हा नव्याने करता येते. एकदा शिजली की त्यातले मीठ काढून घेता येत नाही. स्टुडिओत आवाज एका पट्टीवर, तबला दुसरीवर, सारंगी तिसरीवर घेतात. आपल्या घरच्या टेपरेकॉर्डरवर मात्र गायक, ढोलकी, पेटी, टाळ्या, मध्येच रडणारे पोर, सगळे एकत्र शिजलेले असते.

म्हणून आम्हाला बरीच वर्षे वाटे की, घरगुती कॅसेटचा कोणी काही करू शकणार नाही. परंतु तिकडे इंग्लंडच्या बीटल्स मंडळींच्या बाबतीत निराळेच घडले. जॉन लेनन यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या घरी पियानो वाजवत काही गाणी साध्या कॅसेटवर घेतली होती. 1980 साली त्यांचा खून झाला. 1994 मध्ये त्यांच्या पत्नीने त्या कॅसेट जुन्या साथीदारांना दिल्या. दोन गाणी पुरी झाली. तिसऱ्यात घरघर फार, आवाज पियानोखाली दबलेला. ते 1995 मध्ये अर्ध्यावर सोडले. पुढे संगणकाने पियानोतून आवाज वेगळा काढून दिला आणि 2023 साली गाणे पुरे झाले. ज्या हॅरिसन यांनी 1995 मध्ये गिटार वाजवली होती ते 2001 सालीच वारले होते, पण त्यांची गिटारही त्या गाण्यात आहे. आमटीतले मीठ आता थोडेफार काढता येऊ लागले म्हणायचे.

आता आपल्याकडे पाहू. नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांनी 1931च्या सुमारास जलसा उभा केला. (वामनदादा कर्डक वेगळे आणि भीमराव वेगळे, पुष्कळांची इथे गल्लत होते.) जलसा ऐकायचा तर मंडळी येतील त्या गावी जाऊन समोर बसायचे, दुसरा मार्ग नव्हता. शेवटी कर्डकांनीच 1978 साली ‘आंबेडकरी जलसे’ हे पुस्तक काढून ती हकीकत कागदावर आणली. आवाज गेला, निदान अक्षर राहिले. ते त्यांनी केले नसते तर दुसऱ्या कोणी केले असते असे आम्हाला वाटत नाही.

कॅसेटचा काळ त्यामानाने श्रीमंत. आमच्या मिरजगावात, तसेच नगर-सोलापूर रस्त्यावरच्या इतर गावांतही, जयंतीच्या रात्रीचे गायन कोणी ना कोणी टेप केलेले आहे. गेल्या महिन्यात आम्ही कचेरी सुटल्यावर वस्तीतल्या एका घरी गेलो. घरचे कालकथित वडील गायन पार्टीत पहिला आवाज द्यायचे. सूनबाईंनी माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली. अकरा कॅसेट. त्यांपैकी तिघींवर बुरशी, दोघींवर नंतर कोणीतरी सिनेमाची गाणी भरलेली. उरलेल्यांवर पेनाने फक्त ‘जयंती’. कोणत्या सालची, कोणत्या गावची, गाणे कोणी लिहिलेले, काही नाही. “मामंजींचा आवाज मला कळतो, पण मागं म्हणणारे कोण ते नाही सांगता यायचं,” सूनबाई म्हणाल्या.

ज्यांच्या घरी अशा पेट्या असतील त्यांनी प्रथम एवढे करावे. कॅसेटच्या वरच्या कडेला, फीत दिसते त्याच्या उलट बाजूला, प्लास्टिकचे दोन बारीक तुकडे असतात. ते मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरे भरले जाणार नाही. पांढरी बुरशी दिसली तर लावून पाहू नका. यंत्रही खराब होते आणि दुसऱ्या कॅसेटलाही ती लागते. पत्र्याखालच्या उन्हात किंवा स्पीकरला टेकून ठेवू नका. बाहेरचे कवच फुटले असेल तर फेकू नका, आतली फीत दुसऱ्या कवचात बसवता येते. चांगल्या चालणाऱ्या टेपरेकॉर्डरवरून वायरने संगणकात उतरवून घ्यायला साठ मिनिटांच्या कॅसेटला साठच मिनिटे लागतात. भंगारवाल्याला मात्र द्यायची नाही. तो किलोवर घेतो.

त्या घरच्या सहा कॅसेट आम्ही उतरवून घेतल्या आहेत. एकीत मध्येच दिवे गेल्यावर गॅसबत्ती आणण्याचा गलका ऐकू येतो आणि अंधारात ढोलकी चालूच राहते. पार्टीतले ढोलकीवाले आज ऐंशीच्या घरात आहेत आणि एका कानाने ऐकू येत नाही. रविवारी सकाळी त्यांना घेऊन बसायचे ठरले आहे. सूनबाई वही घेऊन येणार आहेत. प्रत्येक गाणे थांबवून विचारायचे: हा कोण, हे कोणाचे, आणि गाव कोणते.