दोष पायात की गाडीत?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या जुन्या पेट्रोल गाडीचा ब्रेक मला जड लागायला लागला. घरी सांगितलं तर हे हसले, "तुझ्या पायात जोर नाही!" गॅरेजमधल्या मिस्त्रींनी एक चक्कर मारली आणि माझ्याकडे न बघता यांनाच सांगितलं, "साहेब, ब्रेक लागतोय की. लेडीजना जरा हेवीच वाटतो." मलाही ते पटलं. आज त्याचंच जास्त वाईट वाटतं.

पुढच्याच आठवड्यात कराडहून चिपळूणला येत होते. शेजारी सासूबाई. कुंभार्ली घाटात एका वळणावर अचानक समोर ट्रक. दोन्ही पायांनी ब्रेक दाबला तेव्हा कुठे गाडी थांबली, ट्रकपासून हातभर अंतरावर! सासूबाईंच्या मांडीवरचा डबा खाली सांडला होता. बराच वेळ आम्ही दोघी बोललोच नाही.

रात्री भावाला फोन केला. तो गाड्यांच्याच कामात आहे. त्यानं सगळं समजावून सांगितलं. बॉनेटखाली, ब्रेक पेडलच्या समोर एक काळा गोल डबा असतो, तो बूस्टर. चालू इंजिन हवा ओढून घेतं. ती ओढ एका रबरी नळीतून या डब्यापर्यंत येते आणि आपण ब्रेक दाबला की पायाला मदत करते. (डिझेल गाडीत यासाठी बहुधा वेगळा पंप असतो.) नळीला चीर गेली की मदत संपली. ब्रेक असतो, पण सगळा भार आपल्या पायावर.

मैत्रिणींनो, याची परीक्षा अगदी सोपी आहे. गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा. पेडल कडक होईल. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक. माझं जागचं हललं नाही! बॉनेट उघडलं तर 'हिस्स' असा आवाज. इंजिन बंद करून, गार झाल्यावर पाहिलं, तर उष्णतेनं कडक झालेली नळी क्लिपजवळ चिरलेली. तशीच तिकडे बोट दाखवून मिस्त्रींना सांगितलं, "ही बदला." नळी बदलली आणि ब्रेक पूर्वीसारखा मऊ झाला. मात्र नळी याच कामाची हवी. साधी पाण्याची नळी त्या ओढीनं चपटी होते.

आणखी एक. पेट्रोल वाचवायला घाटउतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणारे कमी नाहीत. इंजिन बंद झालं की एक-दोन वेळा दाबण्यापुरतीच मदत शिल्लक राहते, पुढे पेडल दगडासारखं. तुमच्या घरात कुणी असं करत असेल तर स्पष्ट सांगा.

कुकरची वाफ बाजूनं जायला लागली की आपण आधी रिंग बघतो. स्वतःच्या हाताला दोष देत नाही. मग गाडीच्या बाबतीतच 'आपल्याला काय कळतंय' असं का? रोज गाडी चालवणाऱ्या पायाला फरक सगळ्यांत आधी कळतो. त्याचं ऐका. आणि दुसऱ्यांनाही ऐकायला लावा.