यंत्र ओळखत नाही, मोजते

गेल्या आठवड्यात आठवीतील एका मुलीने मला विचारले, "सर, मोबाइल मालकाचा चेहरा ओळखतो. मग त्याला डोळे असतात का?" वर्ग हसला. मला मात्र प्रश्न आवडला. "हे मोठे गणित आहे, तुम्हांला कळणार नाही," असे सांगून तो टाळणे मला योग्य वाटत नाही. कारण हे गणित बरेचसे तुमच्या पुस्तकातलेच आहे.

मुलांनो, संगणकासाठी चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता. चित्राचे बारीक चौकोन पाडतात. काळ्या चौकोनाला ०, पांढऱ्याला २५५ आणि राखाडी चौकोनाला मधला एखादा आकडा. शंभर ओळी आणि शंभर रकाने असले, तर एका चेहऱ्याचे १०,००० आकडे झाले. आता दोन चेहऱ्यांच्या आकड्यांची वजाबाकी करा, प्रत्येक फरकाचा वर्ग करा, बेरीज करा आणि वर्गमूळ काढा. हे त्या दोन चेहऱ्यांमधले अंतर. पायथागोरसचे प्रमेय ते हेच! तिथे बाजू दोन होत्या, इथे दहा हजार.

एवढे आकडे सांभाळणे कठीण. १९८७ मध्ये अमेरिकेत सिरोविच आणि किर्बी यांनी ११५ चेहऱ्यांची सरासरी, म्हणजे तुमच्या भाषेत औसत, काढली. मग चेहरे या सरासरीपासून मुख्यतः कोणत्या प्रकारे वेगळे असतात, ते शोधले. पहिला फरक इतका, दुसरा तितका, असे प्रमाण लिहीत गेले, की हकिमाच्या नुसख्यासारखा चेहऱ्याचा नुसखा तयार होतो. सुमारे ४० आकडे त्यांना पुरले. टर्क आणि पेंटलंड यांनी १९९१ मध्ये याच रीतीने चेहरे ओळखून दाखवले. आजची यंत्रे हे आकडे काढायला लाखो चित्रांवरून स्वतः शिकतात. पण शेवटी अंतरच मोजतात.

आणि माझे म्हणणे इथेच आहे. अंतर किती कमी असले म्हणजे 'तोच माणूस' म्हणायचे, हे माणसेच ठरवतात. लाखो चित्रांत सर्वांत जवळचे चित्र कोणाचे तरी असणारच. पण सर्वांत जवळचा म्हणजे तोच नव्हे!

जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी घड्याळांच्या चोरीसाठी एका माणसाला त्याच्या मुलींसमोर पकडले. दुकानातील अंधुक चित्रावरून यंत्राने त्याचा जुना फोटो पुढे केला होता. तो निर्दोष होता, तरी सुमारे ३० तास कोठडीत राहिला. केवळ यंत्राच्या उत्तरावरून कोणालाही अटक करणार नाही, हे तेथील पोलिसांनी २०२४ मध्ये मान्य केले.