दारावरच्या तक्त्यात आणखी दोन आकडे

11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा 520 किलोमीटरांचा टप्पा वाहतुकीस खुला झाला आणि 5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा पूर्ण होऊन 701 किलोमीटरांचा तो मार्ग मुंबईच्या वेशीशी जाऊन भिडला. या अवधीत विदर्भातील वाहनधारकाच्या प्रवासाची रीत पालटली. नागपूरजवळच्या शिवमडक्याहून निघालेली मोटार ताशी 120 किलोमीटरांपर्यंतच्या वेगाने तासन्तास अखंड धावू लागली. आणि ज्या नागपूर नगरीत 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर चढल्याची नोंद सरकारदप्तरी आहे, त्या नगरीच्या उन्हात असा प्रवास म्हणजे टायरांची कठोर परीक्षाच ठरली. परिवहन खात्याने 2023 मध्ये महामार्गाच्या तोंडाशी टायरांची तपासणी सुरू करून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत फिरवल्या, हे उचितच झाले. परंतु ज्या साधनावाचून बिघडलेले चाक उतरवताच येत नाही, ते नटास नेमके बसणारे साधन गाडीत आहे की नाही, याची विचारपूस आजवर कोणी केल्याचे दिसत नाही.

मोटारीबरोबर कारखान्यातून मिळणारा पाना तिच्या नटाच्या मापाचा असतो, यात शंका नाही. तथापि गाडी दुसऱ्या-तिसऱ्या धन्याच्या हाती जाईपर्यंत तो डिकीत क्वचितच शिल्लक राहतो. लोखंडी चाकांच्या जागी हौसेने अलॉय चाके येतात, त्यांच्याबरोबर नटही बदलतात. आणि मग नागपूरच्या इतवारीतील लोहा ओळीत किंवा अशाच एखाद्या बाजारात जाऊन ‘चाकाची गोटी’, म्हणजे नटावर बसणारे सॉकेट, मागताच दुकानदार जो पहिला प्रश्न करतो, की माप कोणते, त्या प्रश्नापाशी सुशिक्षित वाहनधारकही निरुत्तर होतो. मारुतीच्या बहुतेक गाड्यांच्या नटाचे माप 19 मिलिमीटर आहे, ह्युंदाईच्या गाड्यांना व टोयोटाच्या इनोव्हाला 21 ची गोटी लागते, तर स्कोडा व फोक्सवॅगन यांच्या चाकांना नट नसून बोल्ट असतात आणि त्यांना 17 ची गोटी लागते. जुने कारागीर अद्यापि इंचाच्या आठव्या हिश्शाला सूत मानून मोजतात. त्यांची सहा सुतांची गोटी 19.05 मिलिमीटर भरते, सबब ती 19 च्या नटावर निर्धास्त चालते. साडेसहा सुतांची 20.64 भरते, ती 21 च्या नटावर चढतच नाही. आणि सात सुतांची, म्हणजे सव्वाबावीस मिलिमीटरांच्या आतबाहेरची गोटी चढते खरी, पण ती चढते हाच धोका आहे.

तो धोका कोणता, हे नट हातात घेऊन पाहिल्यास चटकन उमगते. नटाला सहा सपाट बाजू आणि सहा कोपरे असतात. गोटी नेमकी असेल तर तिची भिंत सपाट बाजूवर टेकते, जोर विस्तृत पृष्ठावर विभागला जातो आणि कोपरा शाबूत राहतो. हीच गोटी मिलिमीटरभर सैल असेल, तर सगळा भार कोपऱ्याच्या अरुंद धारेवर येतो, धातू दबून तिथे चकचकीत चट्टा उमटतो, दुसऱ्या झटक्याला तो चट्टा रुंदावतो, आणि तिसऱ्या-चौथ्या झटक्यात कोपरा मरून नट गोल होतो. त्यानंतर योग्य मापाची गोटी आणून लावली तरी तिला पकडण्याजोगे तेथे काही उरत नाही. शोभेसाठी क्रोमची पत्र्याची टोपी चढवलेल्या नटांचा प्रकार याहून चमत्कारिक आहे. टोपीखाली पाणी शिरते, गंज फुगतो, आणि 19 चा नट साडेएकोणीसचा होऊन बसतो. मग मालकाची स्वतःची बिनचूक गोटीही त्यावर चढेनाशी होते. असे नट वेळीच बदलून एकसंध धातूचे बसवणे, एवढाच त्यावर उपाय आहे.

गोटीच्या आतील कोनांचाही विचार केला पाहिजे. बाजारात सहा कोनी आणि बारा कोनी असे दोन प्रकार मिळतात. बारा कोनी गोटी दर तीस अंशांवर नटावर बसते, हा तिचा गुण अडचणीच्या जागी मोलाचा असला, तरी चाकासमोर मोकळी जागा मुबलक असल्यामुळे येथे तो निरुपयोगी ठरतो. उलट तिची पकड कोपऱ्यालगतच पडत असल्याने झिजलेल्या नटावर तीच आधी घसरते. म्हणून चाकासाठी सहा कोनीच घ्यावी, नट ज्यावर बसतो त्या स्टडचे टोक आत सामावेल इतकी खोल घ्यावी, आणि अलॉय चाकाच्या अरुंद विहिरीत उतरायची असेल तर बाहेरून पातळ भिंतीची घ्यावी.

नट फिरवणाऱ्या हवेच्या गनचा मुद्दा मात्र याहून गंभीर आहे. हातपान्याची चकचकीत क्रोम मुलाम्याची गोटी कठीण असते. गनच्या आघातांनी ती तडकते व तिचे तुकडे उडतात. गनसाठी क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची जाड, काळी गोटी वेगळी मिळते आणि तीच वापरणे हा साधा शिरस्ता असायला हवा. पण गोटी बरोबर असली तरी गनने शेवटपर्यंत आवळण्याची जी प्रथा पंक्चरच्या दुकानांत सर्रास पडली आहे, ती अयोग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मोटारीच्या नटाला साधारणतः 100 न्यूटन-मीटरांच्या आसपास आवळ पुरतो, म्हणजे अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकाला सुमारे वीस किलोंचा दाब. सत्तर किलो वजनाचा इसम त्याच पान्यावर उभा राहिला, तर आवळ साडेतीनशेच्या घरात जातो, आणि बेहिशेबी चालवलेली गनही तेच करते. स्टड ताणला जातो, आटे मरतात, ब्रेकची चकती वाकू शकते. आणि त्याच गाडीचे चाक रस्त्याच्या कडेला उतरवण्याचा प्रसंग आला म्हणजे डिकीतला पाना वाकतो, पण नट हलत नाही. गनने सैल करावे, हाताने पहिले आटे धरावेत, समोरासमोरचे नट क्रमाने घ्यावेत आणि अखेरचा आवळ मोजणाऱ्या टॉर्क पान्याने द्यावा.

मालमोटारींची गोष्ट निराळी. वाडीच्या अमरावती मार्गावर किंवा उमरेड-चंद्रपूरच्या कोळशाच्या वाहतुकीत दिसणाऱ्या जड वाहनांच्या नटांना मापाप्रमाणे 32 किंवा 33 ची गोटी आणि पाऊण अथवा एक इंच चौकोनाचा दांडा लागतो. ही दोन मापे एकमेकांना इतकी जवळची आहेत, की 33 ची गोटी 32 वर रेटण्याची चूक सहज घडते, आणि आवळ तर मोटारीच्या पाच-सहापट द्यावा लागतो.

माझी मागणी मर्यादित आहे. आज बहुतेक मोटारींच्या चालकाकडील दाराच्या चौकटीवर टायरात हवा किती भरावी याचा तक्ता डकवलेला असतो. त्याच तक्त्यात नटासाठी लागणाऱ्या गोटीचे माप आणि आवळाचा आकडा, असे दोन आकडे छापण्याची सक्ती केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये दुरुस्ती करून सर्व उत्पादकांवर करावी; ज्या खात्याच्या अखत्यारीत ही बाब येते, त्याचा कारभार 2014 पासून नागपूरच्याच खासदारांकडे, नितीन गडकरी यांच्याकडे आहे, तेव्हा ही तजवीज येथूनच मांडली जाणे स्वाभाविक होय. चाके बदलून देणाऱ्या दुकानदारानेही नवे माप त्याच जागी चिकटवून देण्याचे बंधन असावे.

यावर कोणी असा आक्षेप घेईल, की त्याच नियमांतील 2020 च्या दुरुस्तीने हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा व पंक्चर-दुरुस्तीचा संच असलेल्या लहान वाहनांना स्टेपनी बाळगण्यातून मोकळीक मिळाली, मग चाक उतरवण्याचा प्रश्नच राहिला कोठे? परंतु संचाने तात्पुरता बुजवलेला टायर पुढच्या दुकानात उतरवावाच लागतो, फुटलेल्या टायरावर तो संच चालतच नाही, ब्रेक तपासायचे तरी चाक निघावे लागते. आणि या प्रत्येक प्रसंगी नटावर गोटी कोणी तरी ठेवणारच, मग ती मालकाने ठेवो की पंक्चरवाल्याच्या हाताखालच्या पोराने, ज्याला त्या गाडीच्या नटाचे माप आज कोणीही लिहून दिलेले नाही.